रोझा पार्क्स केस जिंकल्या की हरल्या?

प्रश्न: मुलगी नववीत आहे, तिला रोझा पार्क्सवर प्रोजेक्ट करायचाय. मला एवढंच माहीत होतं की त्यांनी बसमधली सीट सोडली नाही, केस झाली आणि तो कायदा गेला. पण आता वाचतोय की त्यांना दंड झाला होता! मग जिंकलं कोण?
– एक वाचक, सांगली

उत्तर: कोर्टात त्या हरल्याच हो. 1 डिसेंबर 1955 ला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरात या काळ्या बाईंना अटक झाली, चार दिवसांत निकाल लागला, 10 डॉलर दंड आणि वर 4 डॉलर कोर्टखर्च, अपिलातही काही फरक पडला नाही.

आधी बस कशी होती ते बघा. 36 सीट, पुढच्या 10 गोऱ्यांच्या, रिकाम्या असल्या तरी काळ्यांनी बसायचं नाही. पैसे पुढच्या दाराने टाकायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने चढायचं, आणि कधीकधी तेवढ्यात ड्रायव्हर बस सोडून द्यायचा, पैसे गेले ते गेलेच. वर शहराच्या नियमाने ड्रायव्हरला पोलिसाचे अधिकार!

आता खरी गंमत. फ्रेड ग्रे नावाचा 25 वर्षांचा वकील, त्याने विचार केला की पार्क्सबाईंची केस फौजदारी, ती राज्याच्या कोर्टातून वर जाईपर्यंत किती वर्षं लटकेल सांगता येत नाही, त्यापेक्षा फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टात वेगळा दावा टाकू आणि थेट कायद्यालाच आव्हान देऊ. 1 फेब्रुवारी 1956 ला दावा दाखल झाला, पार्क्सबाईंचं नाव मुद्दाम बाहेर ठेवून. शेवटपर्यंत टिकल्या चौघीजणी: ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्व्हिन. म्हणून केसचं नाव ब्राउडर विरुद्ध गेल, गेल म्हणजे तिथले मेयर. 5 जूनला तीन जजांपैकी दोघांनी या चौघींच्या बाजूने निकाल दिला, 13 नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाने तोच कायम केला, म्हणजे कायदा गेला तो या केसमुळे, ऑर्डर हातात पडली 20 डिसेंबरला. तोपर्यंत तिथले काळे लोक 381 दिवस बसमध्ये चढले नव्हते, पायी नाहीतर एकमेकांच्या गाड्यांतून कामाला जात होते.

प्रश्न: पण असला कायदा कोर्टात टिकला कसा इतकी वर्षं?
– एक वाचक, पुणे

उत्तर: कारण सुप्रीम कोर्टानेच 1896 मध्ये त्यावर शिक्का मारला होता. लुईझियाना राज्यात 1890 ला रेल्वेचे डबे वेगळे करायचा कायदा आला, त्याविरुद्ध न्यू ऑर्लिन्समधल्या लोकांनी कमिटी करून ठरवून केस उभी केली. होमर प्लेसी दिसायला गोरा, आठवा हिस्सा काळा (म्हणजे आठ पणजोबा-पणज्यांत एक काळं), 7 जून 1892 ला फर्स्ट क्लासचं तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला, आणि त्याला पकडणारा डिटेक्टिव्हसुद्धा कमिटीनेच ठेवलेला! रेल्वे कंपनीलाही हा कायदा नकोच होता, जास्तीचे डबे जोडायचा खर्च कोण करणार. गोऱ्या पोराला सांभाळणारी काळी आया मात्र त्या डब्यात चालायची, तशी सूट कायद्यातच होती. तरी 7 विरुद्ध 1 ने हरले. "वेगळं पण समान" म्हणे. एकटे जस्टिस हार्लन विरोधात.

मधे 1946 ला आयरीन मॉर्गन नावाच्या काळ्या बाई बसच्या सीटवरूनच केस जिंकल्या, पण ते फक्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बसपुरतं, आणि तिथेही कोर्ट समानतेवर बोललंच नाही, आंतरराज्य व्यापाराला अडथळा येतो म्हणून निकाल दिला.

आणि सांगलीच्या त्या नववीतल्या मुलीला सांगा, कॉल्व्हिनवर एक पान नक्की ठेव. पार्क्सबाईंच्या नऊ महिने आधी, 2 मार्च 1955 ला, शाळेतून घरी येताना 15 वर्षांची ही मुलगी सीटवरून उठली नाही आणि पोलिसांनी तिला बेड्या घालून नेलं. ज्युव्हेनाइल कोर्टाने, म्हणजे अल्पवयीनांच्या कोर्टाने, तिला बेमुदत प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली, ठेवलं. ते रेकॉर्ड पुसलं गेलं 2021 मध्ये, तेव्हा त्या 82 वर्षांच्या होत्या.