फोन हातात नसला की काहीच आठवत नाही, मला डिमेन्शिया तर होत नाहीये ना?

हा प्रश्न हल्ली माझ्याकडे खूप जण घेऊन येतात आणि विचारताना खरंच घाबरलेले असतात. त्यातली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

चाळिशीतल्या एक ताई. फोन दोन दिवस रिपेअरला गेला आणि दुसऱ्याच्या फोनवरून नवऱ्याला कॉल करायचा तर नंबरच आठवेना, एवढंच निमित्त. पण मूळ भीती वेगळीच होती, त्यांच्या आईला डिमेन्शिया होता आणि शेवटी शेवटी आईने यांना ओळखलंही नव्हतं, त्यामुळे साधा चष्मा सापडला नाही तरी यांच्या पोटात गोळा यायचा.

अशा माणसाला "अहो सगळ्यांचंच होतं" म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही. आधी डॉक्टरकडे पाठवलं, कारण अपुरी झोप, थायरॉइड, बी१२ ची कमतरता, डिप्रेशन यातल्या कशानेही विसरायला होतं. रिपोर्ट नॉर्मल आले. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, वर्षानुवर्षं केलेलं काम अचानक न जमणं, असलंही काही नव्हतं.

पुढच्या वेळी मी विचारलं, आठवडा कसा गेला? त्यांनी लगेच फोन काढला, "थांबा, लिहून ठेवलंय." म्हटलं न बघता सांगा. काय लिहिलंय ते एक अक्षर आठवेना, पण कुठल्या ॲपमध्ये, कुठल्या फोल्डरमध्ये, वरून कितवी नोट ते अगदी बिनचूक सांगितलं! मी म्हटलं ताई, तुमची मेमरी तर इथेच दिसतेय की.

२०११ मध्ये मानसशास्त्रज्ञ बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं. लोकांना कॉम्प्युटरवर माहिती टाइप करायला दिली. ही पुसली जाणार असं ज्यांना वाटलं त्यांना ती जास्त आठवली, सेव्ह होणार असं वाटलं त्यांना कमी. आणि माहिती काय होती यापेक्षा कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे जास्त लक्षात राहिलं. मेंदू बिघडलेला नसतो, त्याने ते काम फोनवर सोपवलेलं असतं. नवऱ्याचा नंबर त्या विसरल्या नव्हत्याच, तो त्यांनी कधी पाठच केला नव्हता, नावावर टॅप केलं की झालं.

मुलीच्या डान्सचंही तसंच, अख्खा व्हिडिओ काढला पण आठवत काही नाही म्हणून त्या खूप खंतावल्या होत्या. २०१४ मध्ये मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी म्युझियममध्ये केलेल्या प्रयोगात ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या, नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा, लोकांना कमी आठवल्या, पण एखादा भाग झूम करून टिपला तेव्हा तसं झालं नाही. म्हणजे कॅमेऱ्याला दोष देण्यापेक्षा लक्ष कुठे होतं ते बघायचं.

रिमाइंडर बंद करा असं मी सांगितलं नाही, औषधं आणि बिलांच्या तारखा खुशाल फोनमध्येच राहू देत. सेव्ह करण्याचा फायदाही असतो, २०१५ च्या एका प्रयोगात आधीची फाइल सेव्ह केली की नंतरची जास्त चांगली लक्षात राहते असं दिसलं. मी फक्त दोन गोष्टी दिल्या. घरातले तीन नंबर रोज हाताने डायल करायचे, आणि काही शोधण्याआधी दहा सेकंद स्वतः आठवून बघायचं, चुकलं तरी चालेल पण मग बरोबर काय ते बघायचं. स्वतःहून आठवण्याचा प्रयत्न केला की ती गोष्ट जास्त पक्की होते, नुसतं परत परत वाचून तेवढी होत नाही.

पहिले काही दिवस त्या वैतागल्या, दहा सेकंदही त्यांना फार वाटायचे. नंबर मात्र आठवड्याभरात पाठ झाले. आपलंही आईसारखं होईल ही भीती गेलेली नाही, ती इतक्यात जाणारही नाही, त्यावर आमचं वेगळं काम चालू आहे.

गेल्या वेळी आठवडा सांगताना त्या मध्येच अडकल्या, हात पर्सकडे गेला आणि तिथेच थांबला. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हां, बुधवारी मुलीला ताप होता, रात्रभर तिच्याजवळ बसले होते."