दोरी ओढून सुरू होणारं जेट

गेल्या अंकात मी दुसऱ्या महायुद्धातल्या मेसरश्मिट २६२ या जर्मन जेट लढाऊ विमानाबद्दल लिहिलं होतं. हे विमान पुढे नव्याने बांधून उडवलं गेलं, असं त्यात ओझरतं म्हटलं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा रकाना त्यांनाच देतो आहे.

प्रश्न : नव्याने बांधलं म्हणजे नक्की काय केलं? जुनं विमान दुरुस्त केलं, की बाहेरून तसं दिसणारं काहीतरी उभं केलं? (विद्यार्थी, नाशिक)

दोन्ही नाही. कोऱ्या पत्र्यापासून पाच विमानं बांधली. काम १९९३ मध्ये अमेरिकेत टेक्सासला सुरू झालं. अडचण अशी होती की कामाला पुरतील असे नकाशे हाताशी नव्हते. पेनसिल्व्हेनियात विलो ग्रोव्हच्या नौदल तळावर एक अस्सल दोन आसनी २६२ कित्येक वर्षं उन्हापावसात गंजत उभं होतं. बांधणाऱ्या मंडळींनी नौदलाशी करार केला : विमान आम्हाला द्या, आम्ही ते सुटं करून प्रत्येक भागाचं माप घेतो आणि त्याच्या बदल्यात ते नीट करून परत देतो. दिलेला शब्द त्यांनी पाळला. ते विमान आता फ्लोरिडात पेन्साकोलाच्या संग्रहालयात आहे.

या कामामागचे मुख्य गृहस्थ स्टीव्ह स्नायडर १९९९ मध्ये दुसऱ्याच एका जुन्या जेटच्या अपघातात गेले. काम तिथेच थांबलं असतं, पण ते वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेटला, पेन फील्ड विमानतळावर हललं आणि बोइंगमधून निवृत्त झालेल्या बॉब हॅमर यांनी ते हाती घेतलं. २० डिसेंबर २००२ ला वोल्फगांग चाया यांनी पहिलं विमान उडवलं. पुढच्याच महिन्यात, दुसऱ्या उड्डाणानंतर उतरताना, त्याचं डावं चाक दुमडलं आणि पंख धावपट्टीला टेकला. वैमानिक सुखरूप राहिला. इतक्या वर्षांच्या मेहनतीनंतर हे पाहणाऱ्यांचं काय झालं असेल, याची कल्पना मला आहे. त्यांनी ते पुन्हा उभं केलं.

जर्मनीतल्या मेसरश्मिट प्रतिष्ठानने या विमानांना युद्धकाळातल्या क्रमांकांच्या पुढचे क्रमांक लावू दिले. म्हणजे १९४५ ला तुटलेली रांग तिथूनच पुढे सुरू झाली. यातलं एक विमान जर्मनीत मांखिंगला गेलं आणि २००६ मध्ये बर्लिनच्या हवाई प्रदर्शनात लोकांपुढे उडालं.

प्रश्न : सगळं हुबेहूब केलं, मग इंजिन जुनंच का नाही बसवलं? (वाचक, इचलकरंजी)

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मी एकोणतीस वर्षं इंजिनं उघडण्यात आणि जोडण्यात काढली.

मूळ इंजिन युंकर्स जुमो ००४. त्याचा रेटा, म्हणजे विमानाला पुढे ढकलण्याचा जोर, सुमारे ९०० किलो. त्याची रचना चांगली होती, धातू मिळत नव्हते. टर्बाइनच्या, म्हणजे जळत्या वायूने फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या, तोंडाशी जी आग असते ती सोसायला निकेल, क्रोम, कोबाल्ट लागतं आणि जर्मनीत त्यांची चणचण होती. म्हणून ज्वलनकक्ष साध्या पोलादाचे करून त्यांवर ॲल्युमिनियमचा थर दिला. टर्बाइनची पाती पोकळ करून आतून हवा खेळवली. तरी इंजिन दहा ते पंचवीस तासांत उतरवावं लागे. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, पटकन पुढे सारला तर आग विझायची किंवा टर्बाइन भाजून निघायची. उतरायला आलेल्या वैमानिकाने रेटा कमी केला की तो पुन्हा मिळेपर्यंत फार वेळ जाई.

आमच्या इंजिन दुरुस्तीच्या शॉपमध्ये पात्यांना चमकणारा रंग लावून ती अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरायची पद्धत होती. कुठे केसाएवढी चीर असली तरी पिवळसर हिरवी रेघ उजळायची. हजारो तास चाललेली पाती मी अशी तपासली आहेत आणि पुष्कळदा ती स्वच्छ निघालेली पाहिली आहेत. पंचवीस तासांत पात्याची ताकद संपते हे वाचायला सोपं आहे. ज्याने पातं हातात धरलंय त्याच्या अंगावर मात्र काटा येतो. अशा इंजिनावर आज माणूस बसवायचा नाही, हा निर्णय मला शंभर टक्के पटतो.

म्हणून प्रतिकृतीत जनरल इलेक्ट्रिकचं सीजे-६१० बसवलं. लिअरजेट या छोट्या खासगी जेटवर असायचं तेच हे इंजिन. रेटा जवळपास १,३०० किलो आणि वजन जुमोच्या साधारण पावपट. इथे खरी मेख आहे. दोन्ही बाजूंचं मिळून हजारेक किलो वजन गायब झालं तर विमानाचा तोल कसा राहणार? मूळ २६२ च्या पंखांची मागे वळण्याची ठेवणसुद्धा तोलाच्याच हिशेबातून आली होती. इंजिनं अंदाजापेक्षा जड भरली, म्हणून पंख साडेअठरा अंश मागे वळवले. तोल सांभाळायला प्रतिकृतीत नवं छोटं इंजिन जुमोच्या हुबेहूब खोळीत बसवलंय. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. ब्रेक आणि चाकांचे पाय मात्र मुद्दाम जास्त मजबूत केले.

मी म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये अस्सल २६२ पाहिलं. इंजिनाच्या तोंडात मध्यभागी एक शंकू असतो. वाकून पाहिलं तर त्याच्या टोकाशी एक कडी दिसते. शंकूच्या आत दहा अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन, रीडेलचं. एरवी ते विजेवर फिरवायचे. वीज नसली तर मेकॅनिकने ती कडी धरून दोरी ओढायची, लग्नाच्या मांडवात जनरेटरची ओढतात तशी. ते छोटं इंजिन सुरू झालं की मोठ्याला फिरवायचं. त्या कडीपुढे मी किती वेळ उभा होतो मला आठवत नाही. शेवटी बायकोने येऊन हात धरला.

प्रश्न : नाझींचं हे विमान कौतुकाने पुन्हा बांधणं तुम्हाला खटकत नाही? (निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर)

बाई, खटकतं, आणि तुम्ही विचारलंत हे बरं केलंत. ऑस्ट्रियात सांक्ट गेओर्गेन इथे डोंगर पोखरून बोगदे केले होते. तिथे गुसेन छळछावणीतल्या कैद्यांकडून याच विमानाचे सांगाडे बनवून घेत. बोगदे खोदताना आणि त्यांत राबताना हजारो माणसं मेली. रिव्हेट बसवायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून ठोकतो, दुसरा आतून टेका धरतो. सांगाड्यावरच्या रिव्हेटच्या रांगा पाहिल्या की मला ती दुसऱ्या बाजूची माणसं आठवतात. तरीही विमान बांधावं असं मला वाटतं. पण त्याच्या शेजारच्या फलकावर वेग लिहितात तसं गुसेनही लिहिलंच पाहिजे. हे मी संग्रहालयाच्या अभिप्रायवहीतही लिहून आलो.

प्रश्न : या सगळ्याशी भारताचा काही संबंध? (वाचक, डोंबिवली)

आहे. ज्यांचं नाव या विमानाला आहे त्या विली मेसरश्मिट यांनी युद्धानंतर स्पेनमध्ये एचए-३०० हे हलकं जेट आखलं, ते पुढे इजिप्तकडे गेलं. ७ मार्च १९६४ ला ते हेलवानला पहिल्यांदा उडालं तेव्हा आत बसले होते आपल्या हवाई दलाचे कपिल भार्गव. ते विमान आणि जर्मन अभियंते कुर्ट टांक यांनी बंगळूरला आखलेलं आपलं लढाऊ जेट 'मरुत', दोन्ही आज म्युनिकजवळ श्लाइसहाइमच्या संग्रहालयात आहेत.

प्रश्न : मला २६२ चं उडणारं मॉडेल करायचंय. सुरुवात कशी करू? (अकरावीतला मुलगा, बारामती)

फोमचं कर, दोन ६४ मिलिमीटरचे डक्टेड फॅन, म्हणजे नळीत बसवलेले विजेचे पंखे, लाव. एक गोष्ट आधीच सांगतो. नाकावर प्रोपेलर असलेल्या विमानात प्रोपेलरचा वारा शेपटीवर येतो, म्हणून ते कमी वेगातही ऐकतं. जेटमध्ये तो वारा नसतो. १८ जुलै १९४२ ला जर्मनीत लाइपहाइमला चाचणी वैमानिक फ्रिट्झ वेंडेल नेमके इथेच अडकले. तेव्हाच्या २६२ ला मागे छोटं चाक होतं, शेपटी उचलेना. त्यांनी भर धावेत ब्रेकला हलका स्पर्श केला, शेपटी वर आली आणि विमान उडालं. पुढे नाकाखाली चाक आलं ते यामुळेच. तेव्हा तू नाकाखालचंच चाक लाव आणि लांब, सपाट माळ शोध. माळ हिरव्या पट्ट्यात, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येतं त्या भागात, येतो का, ते डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशात आधी बघ.

बॅटरी सरकवता येईल अशी जागा ठेव. पंखाखाली दोन बोटं लावून मॉडेल उचल. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपटी खाली गेली तर त्या दिवशी उडवू नकोस, घरी ये आणि बॅटरी पुढे घे.