पावसात घाट उतरताना व्यावसायिक सायकलपटू एकमेकांना मागे टाकतात, ते कौशल्यामुळे की नुसत्या धाडसामुळे?

कौशल्यामुळे. धाडस त्या पातळीवर सगळ्यांकडेच असतं. नसतं तर तो माणूस त्या शर्यतीपर्यंत पोचलाच नसता.

प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय की चढावर ताकद लागते आणि उतारावर फक्त जिवावर उदार व्हावं लागतं. जवळजवळ याच शब्दांत हे मला एकदा चारचौघांत ऐकवलं गेलंय, म्हणून जरा लांबण लावते.

आधी शर्यतीचं. २०११ची टूर द फ्रान्स, म्हणजे फ्रान्समधली तीन आठवड्यांची टप्प्याटप्प्यांची शर्यत, तिचा गॅप या गावाला संपणारा १६वा टप्पा. शेवटी कोल द मान्स नावाचा घाट, टूरच्या मानाने किरकोळच, पण उतार ओला होता. स्पेनच्या काँटाडोरने चढावर हल्ला केला, म्हणजे अचानक वेग वाढवला, ऑस्ट्रेलियाचा केडल एव्हान्स त्याच्याबरोबर गेला आणि गॅपला पोचेपर्यंत एव्हान्सने काँटाडोरलाही काही सेकंदांनी मागे टाकलं. अँडी श्लेक म्हणजे त्या काळातला अव्वल चढणारा. तो एव्हान्सच्या मागे मिनिटाहून जास्त राहिला, त्यातलं थोडं चढावर गेलं आणि बरंचसं उतारावर. नंतर त्याने असे उतार शर्यतीत ठेवण्याबद्दलच तक्रार केली. मला ती तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. एव्हान्स बेफिकीर माणूस नव्हता, उलट फार मोजूनमापून चालवायचा. पण तो माउंटन बाइकवरून आलेला होता, १९९८ आणि १९९९चा त्यातला विश्वचषक त्याच्या नावावर आहे. पायाखालची सायकल सरकली की काय करायचं हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. ती टूर त्यानेच जिंकली. (अंतिम फरक टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायच्या टप्प्यात पडला, हे मान्य. पण पुढच्या टप्प्यांत मिळवलेल्या वेळेतून अँडीला आधी गॅपचं ते मिनिट भरून काढावं लागलं.)

आता माझं. मी चिपळूणकडची. शाळेला सायकलने जायचे आणि आमच्याकडे पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. पुढे पुण्यात एका क्लबमध्ये सायकलिंग सुरू केलं. ऐन जुलैत क्लबने पोलादपूर ते महाबळेश्वर आणि परत असा सराव ठेवला, म्हणजे आंबेनळी घाट चढायचा आणि तोच उतरायचा. चढावर मी मधल्या फळीत होते, माझ्या पुढे बरेच जण. वर धुकं. उतरायला लागलो तेव्हा पाऊस थांबला होता, पण रस्त्यावरून जांभ्याची लाल माती वाहत होती, कठड्याकडेला शेवाळ आणि वळणावळणात डोंगरातून येणारं पाणी आडवं, सोबत बारीक खडी.

पुढची मुलं वळणात शिरून ब्रेक दाबत होती. मी प्रत्येक वळणाच्या बरंच आधी, सायकल सरळ असतानाच ब्रेक लावत होते. तेव्हा रिम ब्रेक होते, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेला (रिमला) रबर दाबणारे. ओल्या रिमवर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत ब्रेक नुसतं पाणी पुसतो, पकड नंतर येते. म्हणून हलका ब्रेक आधी लावून रिम कोरडी करून घ्यायची, मग खरा दाब. वळणात शिरल्यावर ब्रेक सोडून द्यायचे, बाहेरचा पाय खाली आणि शरीराचा भार त्याच्यावर, हात खाली ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर, खांदे सैल, नजर वळण जिथे संपतं तिथे. पांढऱ्या पट्ट्यावर चाक न्यायचंच नाही. पकड वाढावी म्हणून टायरमधली हवा मी सकाळीच कमी केली होती. हे सगळं मी आधी कॉलेजच्या ओल्या मैदानावर, चपला रांगेत ठेवून, संध्याकाळच्या संध्याकाळ घोटलं होतं. वाडा कुंभरोशीच्या आसपास माझ्या पुढे कुणी उरलं नव्हतं आणि एकदाही चाक सरकलं नाही.

पोलादपूरला चहाच्या टपरीवर आमचे प्रशिक्षक सर गाडीतून उतरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मरायला निघाली होतीस का? चढ येत नाही म्हणून उतारावर शायनिंग मारायची. हे सायकलिंग नाही, नशीब आहे." मी काय केलं ते सांगायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, "उतारावर विश्रांती घ्यायची असते." वळणात घसरून कोपर सोलवटून घेतलेल्या मुलाला मात्र "शाब्बास, लढलास" मिळालं. त्याचा मला आजही राग आहे.

आपल्याकडे हे असं का, याचं कारण मला दिसतं. आपली मोठी शर्यत मुंबई-पुणे. बोरघाट आधी चढून जाणारा 'घाटाचा राजा'. हा मान मोठाच आहे आणि तो कमवावा लागतो. पण ती शर्यत घाट चढते, उतरत नाही. त्यामुळे प्रशिक्षकांच्या डोक्यात घाट म्हणजे चढ, इतकंच बसलंय.

उतार शिकता येतो याचं उदाहरण हवं असेल तर फ्रेंच सायकलपटू तिबो पिनो बघा. २०१३च्या टूरमध्ये पायरेनीजमधल्या पायेरच्या उतारावर तो मागे पडला आणि उतारांची भीती वाटते हे त्याने उघड सांगितलं. त्यावर त्याने काम केलं. २०१४ला तोच टूरमध्ये तिसरा आला. नुसत्या नशिबाने हे होत नाही.

आणि थंडी. याबद्दल कुणी विचारत नाही. भिजलेली बोटं बधिर झाली की ब्रेकचा अंदाज जातो, मग कसलंच कौशल्य उपयोगाचं नाही. १९८८च्या जिरोत, म्हणजे इटलीतल्या तशाच टप्प्याटप्प्यांच्या शर्यतीत, गाविया घाटावर बर्फ पडत होतं, तेव्हा अँडी हॅम्पस्टेनच्या संघाने आधीच गरम कपडे जमवून ठेवले होते. त्या दिवशी टप्पा ब्रॉयकिंकने जिंकला, पण एकूण वेळेत पहिला असणाऱ्याची गुलाबी जर्सी हॅम्पस्टेनला मिळाली आणि पुढे शर्यतही.

एक सांगायचं राहिलं. कौशल्य असूनही माणसं पडतात. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये निबाली, उतारावरचा उस्ताद, आघाडीवर असताना पडला आणि त्याचं कॉलरबोन मोडलं. दुसऱ्या दिवशी त्याच उतारावर आनेमिक व्हान व्ल्यूटन एकटी पुढे असताना पडली, पाठीच्या मणक्यांना फ्रॅक्चर झालं. शिवाय शर्यतीत रस्ता बंद असतो, आपल्या घाटात वळणापलीकडून एसटी येते. आपली बाजू सोडायची नाही, वळण घेणं कितीही चांगलं जमत असलं तरी. आता डिस्क ब्रेक आणि रुंद टायर आल्यामुळे ओल्यात थांबणं सोपं झालंय, पण ओल्या रस्त्यावर टायरची पकड शेवटी मर्यादितच असते.

त्या सरांकडे आजही शाळकरी मुलं शिकायला येतात. जूनमध्ये त्यांना ओल्या मैदानावर नेऊन ब्रेक लावायला शिकवतात का, हे पालकांनी स्पष्ट विचारावं. फी तेच भरतात.