भाऊबीज झाली की भरू

"ताई, व्हिसाचे नियम बदलणार असं सगळे म्हणतायत. तोवर थांबू, की काहीतरी वेगळं बघू?"

न्यू जर्सीत समुपदेशन करताना हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की आता त्याचे सूर ओळखता येतात. कुणी रडत विचारतं, कुणी चिडून, कुणी अगदी सहज, जणू शेजारणीचं विचारतेय. उत्तर मात्र सगळ्यांना एकच हवं असतं, तारीख. ती माझ्याकडे नाही. मी वकील नाही, आणि वकिलालाही ती ठाऊक नसते. तरी या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याची गोष्ट सांगावीशी वाटते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि लिहायला दोघांची परवानगी आहे.

तिला मुक्ता म्हणू. मूळची नाशिकची, बी. फार्म. झालेली, इथे एका औषध कंपनीत रेग्युलेटरी विभागात. नवरा निनाद, आयटीत. मुलगी भारतात जन्मलेली, आता चौदा वर्षांची. मुलगा इथला, पहिलीत. मुक्ता एच-४ वर, म्हणजे निनादच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून. नोकरीसाठी तिला वेगळं वर्क परमिट लागतं, ज्याला सगळे ईएडी किंवा नुसतं 'कार्ड' म्हणतात.

या कार्डाचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो ठाऊक नसेल तर बाहेरच्याला ही घालमेल अतिशयोक्ती वाटते. २६ मे २०१५ च्या आधी एच-४ वरच्या बाईला इथे नोकरी करताच येत नव्हती. त्या दिवसापासून काही जणींना मुभा मिळाली. मुख्य अट अशी, की नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला हवा. ही मुभा घेणाऱ्यांत बहुसंख्य बायका आणि बहुसंख्य भारतीय. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं निघतात आणि एका देशाच्या वाट्याला जास्तीत जास्त सात टक्के येतात, म्हणून भारतीयांची रांग हलत नाही. पदव्युत्तर पात्रतेच्या रांगेत २०२६ च्या सुरुवातीलाही २०१३-१४ च्या आसपास अर्ज केलेल्यांचा नंबर लागत होता. निनादचा अर्ज २०१६ चा.

बरं, ही मुभाही कायम टांगलेली. नियम आला त्याच वर्षी त्याविरुद्ध खटला उभा राहिला. मग २०१७ मध्ये सरकारनेच तो रद्द करायचा बेत जाहीर केला, आणि जानेवारी २०२१ मध्ये तो बेत मागे घेतला गेला. मधल्या काळात बोटांचे ठसे सक्तीचे झाले, कोविडने ठशांची केंद्रं बंद पाडली, नूतनीकरणं रखडली आणि अनेकींना चालू नोकरीतून घरी बसावं लागलं. त्यात मुक्ताही होती. खटला मात्र चालूच राहिला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला आणि मुभा टिकली. मुक्ताच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर त्या दिवशी पेढ्यांचे फोटो फिरले.

दोन आठवडे झाले असतील-नसतील, ३० ऑक्टोबरपासून दुसराच नियम आला. तोवर नूतनीकरणाचा अर्ज वेळेत भरला की जुनं कार्ड आपोआप ५४० दिवसांपर्यंत चालायचं. एच-४ वाल्यांना ते आय-९४ ची, म्हणजे देशात राहण्याच्या परवानगीच्या नोंदीची, मुदत असेपर्यंतच, पण मुक्ताकडे ती होती: निनादने उन्हाळ्यात नोकरी बदलली होती, ऑगस्टमध्ये भारतात जाऊन सगळ्यांचं स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का, झालं होतं, आणि परतताना २०२८ पर्यंतचं आय-९४ मिळालं होतं. कार्ड जानेवारीत संपणार होतं. ३० ऑक्टोबरच्या आत अर्ज गेला असता तर ती एक दिवसही घरी बसली नसती. अर्ज गेला नोव्हेंबरमध्ये. जानेवारीत कार्ड संपलं आणि कंपनीने तिला बिनपगारी रजेवर पाठवलं. जागा कुठवर राखणार, हे काही कुणी लेखी दिलं नाही.

माझ्याकडे आली ती मार्चमध्ये. पहिला पूर्ण तास ती नियमाबद्दलच बोलली. कोण कोर्टात जाणार आहे, कुठला खासदार काय म्हणाला, कुणाचं कार्ड किती दिवसांत आलं. फोन मांडीवर उलटा ठेवलेला, दर थोड्या वेळाने तो सुलटा व्हायचा. यूएससीआयएसच्या, म्हणजे हे अर्ज हाताळणाऱ्या सरकारी खात्याच्या, पानावर तिचा पावती क्रमांक टाकला की एकच ओळ यायची, केस वॉज रिसीव्हड. ती ओळ तिने मला वाचून दाखवली, जणू तिच्यात काहीतरी बारीक बदल असेल आणि तो तिला दिसत नसेल.

त्या काळातला एक प्रसंग. रजेवर असताना तिच्या बॉसचा फोन आला, "एकच विचारायचं होतं", एका जुन्या सबमिशनबद्दल. तिने सवयीने उत्तर दिलं. फोन ठेवल्यावर तिला घाम फुटला. परमिट नसताना हे काम झालं का? याने ग्रीन कार्ड अडकेल का? ती तीन रात्री झोपली नाही. मी म्हटलं, याचं उत्तर मी देणार नाही आणि ग्रुपनेही देऊ नये, वकिलाला विचार. मैत्रिणीच्या पाळणाघरात 'नुसती मदत' करण्याचं आणि भारतातल्या कंपनीचं काम इथे बसून करण्याचंही तेच. आपल्याकडे या बाबतीत सल्ला फार स्वस्त आहे, आणि चुकला तर भोगायचं ज्याचं त्याने. तिने एका इमिग्रेशन वकिलाचा अर्धा तास विकत घेतला. पुढच्या खेपेस ती आली तेव्हा चेहरा बराच उतरलेला होता, पण झोप लागायला लागली होती.

इथवर ती गोष्ट माझ्या परिचयाची होती. वेगळं काय ते नंतर ध्यानात आलं. ती बोलताना ३० ऑक्टोबर ही तारीख पुन्हापुन्हा यायची आणि प्रत्येक वेळी वाक्य तिथेच तुटायचं. "ते दोन-चार दिवस आधी गेलं असतं ना..." आणि मग लगेच कोर्ट, खासदार, कार्ड. मी विचारलं, "आधी का नाही गेलं?"

"राहिलं. दिवाळी होती."

"ऑगस्टपासून वेळ होता ना?"

ती थोडी थांबली. मग म्हणाली, "आय-१४० च्या मंजुरीची प्रत हवी होती. निनादच्या जुन्या कंपनीच्या वकिलाकडून. तो मागवणार होता."

निनाद मागवणार होता. सप्टेंबरमध्ये तो नव्या नोकरीत रुळत होता. ऑक्टोबरमध्ये तिने दोनदा आठवण केली. तो म्हणाला, "अगं, ५४० दिवस मिळतात, घाई काय? भाऊबीज झाली की भरू." भाऊबीज २३ तारखेला झाली. त्यानंतरच्या गुरुवारी नियम बदलला.

हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि निनादला तर नाहीच. घरात या विषयावर एकच वाक्य दोघं बोलायचे, "नियम परत बदलेल." तो धीर देण्यासाठी म्हणायचा, तीही 'हो' म्हणायची. माझ्या लक्षात आलं की नियम बदलण्याची वाट बघणं त्या दोघांच्या सोयीचं होतं. नियम मागे घेतला गेला असता तर भाऊबिजेचा विषय काढायची वेळच आली नसती. भांडण सरकारच्या खात्यावर जमा, आणि सरकारशी काय भांडणार?

म्हणून मी थांबलेल्या माणसांना अलीकडे एक प्रश्न विचारते: समजा उद्या सकाळी नियम तुम्हाला हवा तसा बदलला, तर घरातलं काय बोलायचं कायमचं राहून जाईल? काहींना खरंच काही सुचत नाही. त्यांना झोप, पैसे, दिवसाचं वेळापत्रक एवढी साधी मदत पुरते. बऱ्याच जणी मात्र खिडकीकडे बघायला लागतात.

मुक्ताने उत्तर द्यायला आठवडा घेतला. आली ती पैशाविषयी बोलली. तिचे वडील नाशिकला डायलिसिसवर आहेत आणि दर महिन्याला ती पैसे पाठवते, स्वतःच्या पगारातून. फेब्रुवारीत पहिल्यांदा तिला निनादकडे मागावे लागले. त्याने लगेच दिले, वर म्हणाला, "मी कधी नाही म्हटलंय का?" नाही म्हटलं नव्हतं, खरंच. "पण ताई, मागावं लागलं ना." त्यात व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, आता मुलांना आई मिळेल." मायेने म्हणाल्या असतील. तुला घरबसल्या आराम मिळाला, एखादा कोर्स कर, सकारात्मक राहा, हे सगळे त्याच जातीचे सल्ले. देणाऱ्याला हलकं वाटतं, एवढाच त्यांचा उपयोग.

एप्रिलमध्ये निनाद तिच्याबरोबर आला. हात बांधून बसला होता. मुक्ताने विषय काढला तेव्हा तो उसळला. "मी मुद्दाम केलं का? वकीलही म्हणत होता घाई नाही. नियम बदलणार हे कुणाला माहीत होतं?" आणि ते खरंच कुणाला माहीत नव्हतं. मुक्ता ओरडली नाही. म्हणाली, "तुझ्या नोकरीबदलाची कागदं तीन दिवसांत जमली होती. त्यातली दोन मीच शोधून दिली."

यावर तो बराच वेळ गप्प होता. अशा वेळी बायकोची बाजू घेऊन नवऱ्याला कोपऱ्यात ढकलायचा मोह होतो, पण त्याने काही साधत नाही. मी त्याला विचारलं, सप्टेंबरमध्ये तुझं काय चाललं होतं? मग जे बाहेर आलं ते मुक्तालाही नवीन होतं. नव्या कंपनीत आल्याआल्या त्याच्या टीममधल्या दोघांना काढलं होतं. एच-१बीवर नोकरी गेली तर सर्वसाधारणपणे ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी शोधा, व्हिसाचा प्रकार बदला, नाहीतर चंबूगबाळं आवरा. त्याच सप्टेंबरच्या १९ तारखेला नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलर लावणारा हुकूम निघाला. तो जुन्या धारकांना लागू नाही हे स्पष्ट व्हायला वेळ लागला, आणि त्या दिवसांत तो रात्री गाडीत बसून बातम्या ऐकायचा. घरी सांगितलं नाही, कारण "हिला आणखी टेन्शन कशाला". आय-१४० ची प्रत मागायची म्हणजे जुन्या कंपनीला फोन करायचा. आणि परत उभं राहावं लागलं तर जुनी कंपनीच दार उघडेल या आशेने त्याला तिथे कसलंही काम काढून फोन करायचा नव्हता.

यामुळे त्याची चूक पुसली गेली असं मुक्ताला वाटलं नाही, आणि मलाही नाही. तो घाबरला होता तेव्हाही किंमत तिच्या नोकरीने चुकवली, हे तसंच राहिलं. फक्त आता ते दोघांच्या समोर होतं. त्यानंतर काही आठवडे त्यांच्या घरात चांगलीच भांडणं झाली. मी काळजी केली नाही. तिने फोन बघणं कमी केलं, तेही माझ्या सांगण्यावरून नाही. भांडायला लागल्यावर स्टेटस बघायची आठवणच राहिली नाही, असं तिचंच म्हणणं.

इथे एक सावधगिरी सांगते. सगळ्यांचं प्रकरण असं भांडणावर निभावत नाही. दिवसचे दिवस अंथरुणातून उठवत नसेल, जेवण तुटलं असेल, जगणंच नको असं मनात येत असेल, तर अमेरिकेत ९८८ वर कुठल्याही वेळी फोन किंवा मेसेज करता येतो. घरात हात उचलला जात असेल, किंवा पैसे आणि पासपोर्ट अडकवून ठेवले जात असतील, तर तेही माझ्या या गोष्टीत बसत नाही. तिथे आधी सुरक्षितता.

मूळ प्रश्नाकडे येते, थांबू की वेगळं बघू? मुक्ता-निनादने यातल्या कुठल्या गोष्टी खरोखर नियमावर अवलंबून आहेत ते बसून पाहिलं. कार्ड अवलंबून होतं, त्याला इलाज नाही. निनादच्या अर्जाला जादा पैसे भरून लवकर निकाल मिळवायची, म्हणजे प्रीमियमची, सोय होती, हिच्या अर्जाला नव्हती. नाशिकला जाणारे पैसे नियमावर अवलंबून नव्हते. ते आता सामाईक खात्यातून पहिल्या तारखेला आपोआप जातात, कुणी मागायचे नाहीत, कुणी द्यायचे नाहीत. कागदपत्रांच्या सगळ्या प्रती मुक्ताने स्वतःच्या ताब्यात घेतल्या, जुन्या कंपनीच्या वकिलाचा पत्तासुद्धा. पुढचा अर्ज मुदतीच्या १८० दिवस आधी, म्हणजे परवानगी असलेल्या पहिल्याच दिवशी जाईल. तेव्हा गणपती असोत की दिवाळी.

कार्ड मे महिन्यात आलं. तोवर कंपनीने तिची जागा भरली होती. जून संपायच्या आत तिला दुसरीकडे नोकरी मिळाली, पगार थोडा कमी, रोजचा प्रवास जास्त. सासूबाईंना तिने स्वतः फोन करून सांगितलं.

आता ते दोघं माझ्याकडे मुलीसाठी येतात. ती २१ वर्षांची झाली की एच-४ मधून बाहेर पडेल, आणि तोवर ग्रीन कार्डाचा नंबर लागेल अशी चिन्हं नाहीत. मग तिला विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल, किंवा त्याआधी सगळ्यांनी पुण्याला परतायचं, किंवा कॅनडा. निनादचं म्हणणं, अजून सात वर्षं आहेत, तोवर नियम बदलेल. मुक्ताचं म्हणणं, मुलगी नववीत जायच्या आत ठरवायचं. आणि मुलीला याबद्दल अजून कुणीच काही विचारलेलं नाही, तेव्हा पुढच्या वेळी तिलाही घेऊन या, असं मी सांगितलंय.