सशाचं खाणं बदलताय? जरा दमानं घ्या

अहो, पहिली गोष्ट म्हणजे जुनं पाकीट संपलं म्हणून लगेच नवीन पेलेट्सने (म्हणजे सशाच्या तयार खाद्याच्या दाण्यांनी) वाटी भरू नका, सगळे नवखे हीच चूक करतात (मीही केलीय, दोन दिवस पातळ शी पुसत बसलो होतो). सशाच्या पोटातले जिवाणू जुन्या खाण्याला सरावलेले असतात, त्यांना वेळ लागतो, आणि सशाला उलटी करता येत नाही त्यामुळे पोटात गेलं ते गेलंच.

मी असं करतो:
- पहिले 3 दिवस तीन भाग जुनं, एक भाग नवं. मग निम्मं-निम्मं. असं करत 10 ते 14 दिवसांत पूर्ण बदल, घाई नाही.
- सुकं गवत मात्र कायम, कितीही खाऊ दे. खरं जेवण तेच, पेलेट्स म्हणजे वरचं तोंडीलावणं.
- या काळात नवीन भाजी, फळ काही सुरू करू नका, नाहीतर बिघडलं कशानं ते कळणारच नाही.

रोज सकाळी लेंड्या बघा, हसू नका, खरंच बघा. गोल, कोरड्या, बोटाने दाबल्या की गवताचा भुगा होणाऱ्या असल्या की छान. बारीक झाल्या किंवा मऊ पडल्या तर एक पायरी मागे या. आणि 10-12 तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्याच बंद झाल्या तर उद्या बघू म्हणू नका, तेव्हाच्या तेव्हा डॉक्टर गाठा.

नवीन दाणे वेचून बाजूला टाकेल, टाकू दे. माझा चार दिवस फक्त नव्या दाण्यांवर रुसला होता, पाचव्या दिवशी वाटी चाटून मोकळा.