मत दिलं, पण विरोधक आहेत कुठे?

*विधानमंडळात प्रतिवेदक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या ताई या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. या वेळच्या पत्रांत एकच राग पुन्हा पुन्हा दिसला. त्यांतली काही पत्रं निवडली आहेत.*

प्रश्न : ताई, आम्ही लातूर ग्रामीणचे. नोव्हेंबर 2024 ला घरातली सगळी मतं महाविकास आघाडीला दिली. सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये, आणि आडतीत चार हजारांच्या आसपास बोली. त्या रागानं दिली. आमचा उमेदवार पडला, ते असो. पण राज्यात जे निवडून आले ते तरी काय करतात? अधिवेशन लागलं की विधानभवनाच्या पायऱ्यांवर दिसतात. गळ्यात माळा, हातात फलक, थोड्या घोषणा, मग आत. आत काय होतं ते आम्हाला कळत नाही. माझा मुलगा म्हणतो, पुढच्या वेळी नोटा दाबणार. त्याला काय सांगू?
— एक शेतकरी, लातूर तालुका

उत्तर : दादा, आत काय होतं ते सांगते. त्यावरच माझं पोट चाललं.

प्रतिवेदक सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या समोर बसतात आणि बोललेला शब्द न् शब्द उतरवतात. पायऱ्यांवरची घोषणा आमच्या वहीत येत नाही. तीच घोषणा आत येऊन दिली तर येते, पण कशी? कंसात एक शब्द : (गोंधळ). तासभर ओरडलात तरी तेवढाच. म्हणून मला घसा बसलेल्या आमदाराचं कौतुक कधी वाटलं नाही. मला भीती वाटायची ती खाली बघून कागद चाळत बसणाऱ्याची, कारण तो उठला की मंत्र्यांच्या मागे अधिकारी कक्षातून चिठ्ठ्या यायला लागायच्या आणि आमचे हात भरून यायचे.

तुमच्या सोयाबीनचंच घ्या. ‘शेतकऱ्याला न्याय द्या’ म्हटलं की मंत्री उठून ‘सरकार शेतकऱ्यांच्या पाठीशी ठामपणे उभं आहे’ म्हणतात आणि बसतात. दोघांचंही काम झालं. तेच तारांकित प्रश्नात, म्हणजे ज्यावर मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं त्यात, विचारा : जिल्हावार नोंदणी किती शेतकऱ्यांची, खरेदी किती क्विंटल, केंद्र कोणत्या तारखेला उघडलं, बारदाना कधी आला, ओलाव्याची अट 12 वरून 15 टक्के झाल्यावर आधी परत पाठवलेल्यांचा माल पुन्हा घेतला का? याचं लेखी उत्तर द्यावं लागतं. त्यावर उपप्रश्न येतात. मंत्री अडकतो तो उपप्रश्नात, कारण ते त्याला आधी ठाऊक नसतात. पण उपप्रश्न विचारायचा तर आमदाराला लातूरच्या बाजार समितीत जाऊन पोती बघून यावं लागतं. तातडीच्या विषयावर मंत्र्याला बोलायला लावणारी लक्षवेधी सूचना आहे, अर्धा तास चर्चा आहे, खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर कपात सूचना आहेत. हत्यारं भरपूर आहेत. चालवणारे कमी झालेत, आणि संख्या कमी आहे हे त्याचं कारण नाही.

संख्येचं कारण मला का पटत नाही, ते सांगते. 10 जुलै 2025 ला विधानसभेत विशेष जनसुरक्षा विधेयक आलं, सरकारला बेकायदा वाटणाऱ्या संघटनांवर बंदी घालू देणारं. त्यावर वर्तमानपत्रांत रान उठलं होतं, गावोगाव मोर्चे निघाले होते, संयुक्त समितीकडे 12 हजारांवर सूचना आणि हरकती गेल्या होत्या. त्या समितीत विरोधी बाकांवरचे मोठमोठे नेते बसलेले होते. आणि विधेयक मताला टाकलं तेव्हा ठाम ‘नाही’ कुणाचा? डहाणूच्या विनोद निकोले यांचा. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विधानसभेतले एकटे आमदार. आवाजी मतदानानं विधेयक मंजूर झालं. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत आघाडीनं सभात्याग केला, म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडव घालायला आले. विधेयक बरं की वाईट यावर तुमचं-माझं मत वेगळं असू शकेल. पण ज्यांना ते वाईट वाटत होतं, बाहेर जे तसं भाषणांत सांगत होते, त्यांनी त्या दिवशी मतविभाजन मागायला हवं होतं. हरले असते. पण प्रत्येकाचं नाव कोणत्या बाजूला, ते कायमचं छापलं गेलं असतं.

त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधीची उलटी गोष्ट बघा. पहिलीपासून हिंदीचे दोन्ही शासन निर्णय सरकारनं 29 जून 2025 ला, पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, मागे घेतले. त्या विरोधात पुढे असलेल्या मनसेचा विधानसभेत एकही आमदार नव्हता. पालक, शिक्षक, भाषेची माणसं, पक्ष, सगळे एका मागणीवर थांबले. मागणी एका ओळीत सांगता येत होती, आणि 5 जुलैच्या मोर्चाची तारीख सरकारसमोर होती. मोर्चाऐवजी वरळीत विजयी मेळावा झाला. शून्य आमदारांवाल्याला जमतं, आणि पन्नासाच्या जवळपास आमदारांवाल्यांना सोयाबीनवर एक आठवडा सरकारला उभं करता येत नाही, याचा राग तुम्ही जरूर धरा.

आता तुमच्या लेकाचा नोटा. त्याला सांगा, हा प्रयोग तुमच्याच मतदारसंघात होऊन गेलाय. 2019 ला लातूर ग्रामीणमध्ये धीरज देशमुख निवडून आले आणि दुसऱ्या क्रमांकावर होता नोटा. 27,500 मतं. शिवसेनेचा उमेदवार त्याच्याही खाली. जागा भाजपनं लढवावी असं वाटणारे कार्यकर्ते युतीच्या वाटपावर चिडले होते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. पुढे काय झालं? निवडून आलेल्याचं काही बिघडलं नाही. विधानसभेला नोटा पहिला आला तरी त्याच्या खालचा उमेदवार विजयी होतो. मात्र त्या रागाचा अर्थ एका पक्षानं नीट वाचला. 2024 ला तिथे भाजपनं रमेश कराडांना उभं केलं आणि ते जिंकले. म्हणजे नोटा ऐकू गेला, पण ज्यांच्यामागे संघटना होती त्यांचाच. एकट्यानं चिडून दाबलेलं बटण कुणाला ऐकू जाणार?

लेकाला महापालिका-नगरपालिकेचा नियमही सांगून ठेवा. राज्य निवडणूक आयोगाच्या 2018 च्या आदेशाप्रमाणे या निवडणुकांत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर निवडणूक पुन्हा घेतात. तिथे या बटणाला जरा दात आहेत.

प्रश्न : विधानसभेत विरोधी पक्षनेता नाही म्हणून इतकी ओरड. आम्हा सामान्यांचं त्यानं नेमकं काय बिघडतं?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली

उत्तर : गाडी-बंगल्यापुरतं असतं तर मीही म्हटलं असतं, नसू दे. पण राज्य माहिती आयुक्त कोण व्हावं हे ठरवणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, एक मंत्री आणि विरोधी पक्षनेता असतात. मानवी हक्क आयोगाच्या निवडीतही त्याचं स्थान आहे. तुमचा माहिती अधिकाराचा अर्ज अपिलात ज्याच्यासमोर जातो तो माणूस निवडताना समोरच्या बाजूचं कुणी असावं, एवढाच मुद्दा. माहिती अधिकार कायद्यात त्याची पळवाट बुजवलेली आहे : मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा नेता तिथे बसतो. सभागृहात मात्र उणीव भासते. विरोधी पक्षनेता उभा राहिला की अध्यक्ष त्याला बोलू देतात, हा संकेत फार मोलाचा होता.

एकदशांश सदस्य हवेत, म्हणजे 288 मध्ये 29, असं सांगितलं जातं. 2024 ला ठाकरेंच्या शिवसेनेचे 20, काँग्रेसचे 16, शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे 10. पण विरोधी पक्षनेत्यांच्या वेतनाचा 1978 चा आपला कायदा दहा टक्के म्हणत नाही. विरोधकांतल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा आणि अध्यक्षांनी मान्य केलेला नेता, एवढंच म्हणतो. 1986 च्या अखेरीस शरद पवारांचा समाजवादी काँग्रेस मूळ काँग्रेसमध्ये गेला, तेव्हा उरलेल्यांत मोठा म्हणजे जनता पक्ष, 1985 ला निवडून आलेले 20. तरी निहाल अहमद विरोधी पक्षनेते झाले, मृणाल गोरे झाल्या, शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) दत्ता पाटील झाले. छोटे पक्ष, पद आळीपाळीनं. मृणालताई उभ्या राहिल्या की सत्ताधारी बाकांवरची कुजबुज थांबायची, त्यांच्यामागे आमदार किती हे तेव्हा कुणी मोजत नव्हतं. दिल्लीत 2015 ला 70 पैकी 3 आमदार असलेल्या भाजपला आम आदमी पक्षानं हे पद दिलं होतं. मार्च 2025 ला शिवसेनेनं भास्कर जाधवांचं नाव दिलं. ते मान्य करायला कायद्याची अडचण नव्हती. ते अध्यक्षांनी ठरवायचं होतं.

प्रश्न : विरोधात बसायला कोणती पात्रता लागते?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक

उत्तर : अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तकं वाचायची. बाकी सगळं शिकवता येतं.

प्रश्न : ताई, ज्याला आम्ही सरकारच्या विरोधात निवडून दिलं तो पाच वर्षांच्या आत सत्तेत जाऊन बसला. सभेत विचारलं तर म्हणाला, मतदारसंघाला निधी आणायचा होता. आमच्या मताची किंमत काय?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : तुमचा आमदार लहान मासा आहे, बाई. आपल्याकडे विरोधी पक्षनेतेच गेलेत. 2005 ला नारायण राणे विरोधी पक्षनेते असताना शिवसेनेतून काँग्रेसमध्ये गेले आणि महसूलमंत्री झाले. 2014 ला एकनाथ शिंदे जेमतेम महिनाभर त्या खुर्चीवर होते, मग अख्खी शिवसेनाच सरकारात गेली. 2019 ला राधाकृष्ण विखे-पाटील काँग्रेसकडून त्या पदावर होते, ते भाजपचे मंत्री झाले. 2023 च्या 2 जुलैला अजित पवार दुपारपर्यंत विरोधी पक्षनेते होते, मग उपमुख्यमंत्री. यात कुठला पक्ष सोवळा राहिलाय ते मला दाखवा.

पण त्या आमदाराच्या उत्तरात एक खरं आहे, आणि ते आपल्याला बोचेल. आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी, तो सगळ्यांना सारखा. खरा पैसा जिल्हा नियोजन समितीतून आणि खात्यांतून येतो, तिथे शब्द पालकमंत्र्यांचा. 2022 ला शिवसेना फुटली तेव्हा आमदार सत्तेत असूनही ‘निधी मिळत नाही’ म्हणून ओरडत होते, मग विरोधातल्याचं काय होत असेल? आणि आपण त्याला काय विचारतो? गल्लीत पेव्हर ब्लॉक कधी, सभामंडप कधी, दहाव्याला का आला नाही. लक्षवेधी किती लावल्या, हे विचारणारं पत्र आमदाराच्या टपालात क्वचितच येत असेल. सभामंडप मागणाऱ्या मतदाराचा आमदार विरोधात टिकणं फार अवघड.

टिकलेला माणूस आपण पाहिलाय, म्हणून हे बोलते. सांगोल्याचे गणपतराव देशमुख. 1962 पासून 11 वेळा निवडून आले, मंत्रिपदाची थोडी वर्षं सोडली तर कायम विरोधात. 1972 आणि 1995 ला पडलेही. शेकापसारखा आक्रसत गेलेला पक्ष, दुष्काळी तालुका. पण टेंभू-म्हैसाळ सिंचन योजनांच्या पाण्यावर बोलायला उठले की आवाज चढवायचे नाहीत, आकडा चुकायचा नाही, आणि मागच्या अधिवेशनात मंत्री काय बोलले ते तारखेसकट वाचून दाखवायचे. ती तारीख आमच्याच छापील कार्यवाहीतून काढलेली असायची. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

प्रश्न : हरले की मतयंत्र. जिंकले की लोकशाही. यांना दुसरं काही सुचत नाही का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : लोकसभेला 48 पैकी 30 जागा आल्या तेव्हा यंत्र गोड लागलं, सहा महिन्यांत कडू झालं, हे खरं. पण सगळंच थट्टेवारी नेऊ नका. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीनं डिसेंबर 2024 ला स्वतःच्या खर्चानं मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं होतं. मतदारसंघात त्यांच्या पसंतीचा उमेदवार जिंकलेला होता, तरी गावातला आकडा त्यांना पटेना. प्रशासनानं ते होऊ दिलं नाही. गावकऱ्यांची शंका बरोबर होती की नाही हे मी सांगू शकत नाही, पण शंका घेऊन गाव उभं राहिलं आणि मग नेते तिथे भेटीला गेले. क्रम उलटा हवा होता. प्रारूप मतदार यादी लागते तेव्हा प्रत्येक केंद्रावर पक्षाचा प्रतिनिधी नेमता येतो, नावं वाढली-वगळली त्यावर हरकती घेता येतात. निकालानंतरच्या पत्रकार परिषदेपेक्षा ते काम कंटाळवाणं आहे. जो पक्ष ते करतो त्याच्याकडे निकालाच्या दिवशी बोलायला कागद असतो. आठवा, मार्च 2021 ला पोलीस अधिकारी सचिन वाझे यांच्या प्रकरणात फडणवीस विरोधी पक्षनेते म्हणून सभागृहात कागद घेऊन उभे राहिले होते. त्यांचं राजकारण आवडो न आवडो, सरकार त्या आठवड्यात बचावात गेलं ते त्या कागदामुळे.

प्रश्न : आमच्या आमदारानं वर्षभरात काय विचारलं, हे घरी बसून कसं कळणार?
— एक गृहिणी, परभणी

उत्तर : विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नांच्या याद्या आणि कार्यवाही असते. शोधायला कटकटीचं आहे, घरातल्या शाळकरी पोराला बसवा. याद्यांत प्रश्नाखाली पाच-दहा आमदारांची नावं असतात. तिथे आपल्या आमदाराचं नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका, सही करणं सोपं असतं. कार्यवाहीत बघा, उपप्रश्न कुणी विचारला. मग आमदाराच्या कार्यालयात एक साधं पत्र द्या : कापूस, पीकविमा, पाणी यांपैकी जे तुमचं दुखणं असेल त्यावर या अधिवेशनात तुम्ही काय विचारलंत आणि काय उत्तर आलं? पोच घ्यायला विसरू नका. उत्तर आलं तर या सदराकडे पाठवा, आमदार कोणत्याही पक्षाचा असो, छापू. नाही आलं तर पोचेची प्रत पाठवा, तीही छापू.