बयाणा देण्याआधी लीज डीड वाचा

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. आम्ही लोकमान्यनगरमध्ये भाड्याने राहतो. विजयनगर भागात विकास प्राधिकरणाच्या 30 बाय 50 च्या प्लॉटवरचं एक मकान आम्हा दोघांना पसंत पडलं आहे. मूळ मालकाला तो प्लॉट 1989 मध्ये 30 वर्षांच्या लीजवर मिळाला. 2003 मध्ये त्यांच्याकडून करारनामा, मुख्त्यारनामा आणि मृत्युपत्र करून घेऊन आत्ताच्या विक्रेत्यांनी तो घेतला. मूळ मालक 2016 मध्ये वारले. विक्रेते 20 वर्षांहून अधिक काळ तिथे राहतात, नगर निगमचा कर भरतात. दलाल म्हणतो, 'इंदूरमध्ये असेच व्यवहार होतात, 5 लाख बयाणा द्या, 3 महिन्यांत रजिस्ट्री करून देतो.' देऊ का?
— एक वाचक, लोकमान्यनगर

उत्तर : नका देऊ. घर सोडा असं मी म्हणत नाही, पण आज बयाणा देऊ नका.

आधी एका शब्दाचा उलगडा करते. तुम्ही ज्यांना मूळ मालक म्हणता, ते मालक नव्हते, पट्टेदार होते. जमीन प्राधिकरणाची. पट्टेदाराच्या हातात असतो तो लीजच्या उरलेल्या मुदतीचा हक्क, तोही लीज डीडमधल्या, म्हणजे पट्ट्याच्या दस्तातल्या, अटींसकट. म्हणून अशा व्यवहारात 'जमीन कोणाची' याइतकाच 'मुदत किती उरली' हा प्रश्न मोठा असतो. 1989 मध्ये 30 मिळवा. 2019 येतं. नूतनीकरण झालं आहे की नाही, याबद्दल तुमच्या पत्रात अक्षरही नाही. म्हणजे दलालाने ते सांगितलेलं नाही.

विक्रेते कदाचित म्हणतील, 'आम्ही 2019 नंतरही भाटक (लीजचं भाडं) भरलंय, पावत्या आहेत.' पावत्या जपून ठेवायच्याच. पण मुदत संपल्यावर भाडं स्वीकारलं गेलं म्हणून आणखी 30 वर्षं आपोआप मिळत नाहीत. संपत्ती हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 116 नुसार तसा ताबा घरासाठी महिन्यामहिन्याने चालू राहतो, एवढंच. त्या जोरावर कुठली बँक तुम्हाला 20 वर्षांचं कर्ज देईल? नूतनीकरणाचा स्वतंत्र, नोंदणीकृत दस्त हवा.

आता 2003 च्या कागदांकडे येते. इथे मला थोडं घरातलं सांगावं लागेल. माझ्या वडिलांनी 1994 मध्ये ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून असाच एक लीजचा प्लॉट मुख्त्यारनाम्यावर घेतला होता. माणूस सज्जन, पैसे चोख, दोघांची घरोब्याची मैत्री. रामबागेतल्या आमच्या घरी त्या प्लॉटची खाकी फाइल होती आणि तिच्यावर वडिलांनी लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'नामांतरण बाकी', म्हणजे प्राधिकरणाच्या नोंदीत नाव बदलून घ्यायचं राहिलंय. दर दिवाळीच्या साफसफाईत ते ती फाइल पुसत, उघडून कागद मोजत आणि परत ठेवत. सहकारी गेले. मग त्यांचे 4 वारस, त्यातला एक जबलपूरला, एकाचं भावाशी बोलणं बंद. सह्या गोळा करायला 7 वर्षं लागली आणि स्वतःचं नाव कागदावर चढलेलं न बघताच वडील गेले. कोणी फसवलं नव्हतं. फक्त एक काम 'नंतर करू' म्हणून राहिलं होतं. म्हणून मुख्त्यारनाम्यावरचं घर कोणी दाखवलं की मला आधी ती लाल अक्षरं दिसतात.

कायद्याची बाजू अशी. मुख्त्यारनामा देणारा वारला की सर्वसाधारणपणे मुख्त्यारनामाही संपतो. ज्यात मुख्त्याराचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेला असतो, तेवढाच अपवाद, आणि तो सिद्ध करत बसावं लागतं. मृत्युपत्र माणूस हयातीत केव्हाही बदलू शकतो; 2003 नंतर त्यांनी दुसरं केलं नव्हतं, हे कोण सांगणार? सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑक्टोबर 2011 रोजी सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं, की करारनामा, मुख्त्यारनामा आणि मृत्युपत्र या तिघांच्या जुडग्याने स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही. त्याच निकालात एक दार उघडं ठेवलं आहे आणि ते तुमच्या विक्रेत्यांच्या उपयोगाचं आहे : त्या दिवसाआधीचे खरे व्यवहार विकास प्राधिकरणाकडे नियमित करून घेण्यासाठी अर्जात दाखवता येतात. त्यांचा व्यवहार 2003 चा आहे. अर्ज त्यांनी करायचा, तुम्ही नव्हे, आणि तुमच्याकडून पैसे घेण्याआधी करायचा.

रस्ते दोन आहेत. एक, विक्रेत्यांनी आधी स्वतःचं नामांतरण आणि लीजचं नूतनीकरण करून घ्यावं, मग तुम्हाला नोंदणीकृत दस्त करून द्यावा. दुसरा, मूळ पट्टेदाराच्या सगळ्या वारसांच्या नावाने नामांतरण आणि नूतनीकरण व्हावं आणि दस्त वारसांनी करून द्यावा, विक्रेत्यांनी त्यावर संमती देणारे म्हणून सही करावी. मला दुसरा जास्त भक्कम वाटतो, कारण उद्या तक्रार घेऊन येऊ शकणारी माणसं तिथेच सही करून मोकळी होतात. वारसांमध्ये लग्न झालेल्या मुलीही धरा. त्यांना विसरण्याची चूक फार घरांत होते.

अस्सल लीज डीड हातात घेऊन बघा. रंगीत झेरॉक्स चालणार नाही. अस्सल प्रत घरात नसेल तर ती कुठल्या तरी बँकेत तारण पडलेली असू शकते. डीडच्या शेवटी नकाशा असतो, त्यातली मापं जागेवर टेप लावून ताडा. वापराची अट वाचा : प्लॉट निवासी असेल आणि खाली दुकान किंवा वर मुलांचं हॉस्टेल चालत असेल, तर तो अटीचा भंग ठरू शकतो आणि घर घेतल्यावर नोटीस तुमच्या नावाने येईल. वरचा मजला मंजूर नकाशात आहे का, तेही पाहा. कराच्या पावत्यांवर मात्र विसंबू नका, कर भरणं म्हणजे हक्क नव्हे.

रेसकोर्स रोडवर प्राधिकरणात जाऊन फाइलची स्थिती लेखी मागा. तोंडी 'हो जाएगा' वर घर घ्यायचं नसतं. हे सगळं तपासून झाल्यावर आणि विक्रेत्यांचा अर्ज दाखल झाल्यावर बयाणा द्या, चेकने, आणि करारात तारीख घालून लिहा, की तोपर्यंत नामांतरण व नूतनीकरण झालं नाही तर रक्कम पूर्ण परत. हस्तांतरणाचं शुल्क आणि थकीत भाटक कोण भरणार, तेही त्यातच. विक्रेते हे लिहायला तयार नसतील, तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

प्रश्न : माझं वय 71. लीजचं घर यजमानांच्या नावावर आहे, ते 2 वर्षांपूर्वी गेले. मला घर विकून पुण्याला मुलाकडे जायचंय. मुलगी देवासला असते, ती म्हणते, 'मला काही नको.' मग अडचण काय?
— सुदामानगर

उत्तर : आजी, यजमानांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर तुम्ही, मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. मुलगी प्रेमाने 'काही नको' म्हणते, पण तोंडाने सोडलेला वाटा सुटत नाही. एक तर तिने नोंदणीकृत हक्कत्यागपत्र करून द्यावं, नाही तर विक्रीच्या दस्तावर सही करावी. आधी वारसांच्या नावाने नामांतरण करून घ्या.

लीजची उरलेली मुदत आणि थकीत भाटक ग्राहकाला स्वतःहून सांगा, करारातही लिहा. दोष ठाऊक असून लपवला तर जबाबदारी विकणाऱ्यावर येते. जमत असेल तर विकण्याआधी फ्री होल्डचा, म्हणजे लीजची जमीन पूर्ण मालकीची करून घेण्याचा, अर्ज करून बघा, ग्राहक निश्चिंत होतो आणि भावही बरा मिळतो. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल, तर ग्राहक 1 टक्का टीडीएस कापून भरेल, त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या.

आणि दस्त झाल्यावर लगेच पुण्याची गाडी पकडू नका. लीज दुसऱ्याला दिल्याने जुना पट्टेदार आपल्या जबाबदारीतून आपोआप सुटत नाही. प्राधिकरणाच्या नोंदीत ग्राहकाचं नाव चढल्याच्या आदेशाची प्रत मुलीला आणायला सांगा आणि ती पुण्याला नेणाऱ्या पिशवीत सगळ्यात वर ठेवा.